निकोटिनचं व्यसन शरीराचं की मनाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंबाखू, विडी, सिगारेट, मिश्री, खर्रा यातलं काहीतरी सोडायला बघणारे लोक आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. भाषा शक्यतो त्यांचीच ठेवलीय. सगळं वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा, तिथून दुसरीकडे जायचं असेल तर नंबर दिलेत.

१. एकदाच काय ते सांगा, हे व्यसन शरीराचं असतं की मनाचं?

दोन्हीचं, पण दोघांचं वेळापत्रक वेगळं असतं आणि हेच लोकांना कोणी सांगत नाही. शरीराचा भाग पहिल्या काही दिवसांत जोरात येतो आणि साधारण २ ते ४ आठवड्यांत बराचसा ओसरतो. मनाचा भाग, म्हणजे चहा दिसला की हात खिशात जाणं, जेवण झालं की पुडी आठवणं, हा मात्र महिनोन्‌महिने राहतो, कधी वर्षांनीसुद्धा डोकं वर काढतो. जो माणूस "हे सगळं मनाचं आहे" म्हणून नुसती शपथ घेतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी पडतो, आणि जो "हे सगळं शरीराचं आहे" म्हणून फक्त गोळीवर भरवसा ठेवतो तो तिसऱ्या महिन्यात, कुणाच्या तरी लग्नात पडतो.

या प्रश्नावर डॉक्टर लोकांचंही लवकर एकमत झालं नव्हतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, १९६४ च्या रिपोर्टमध्ये सिगारेट ही सवय आहे, व्यसन नाही असं म्हटलं होतं. त्याच कार्यालयाने १९८८ मध्ये स्पष्ट लिहिलं की तंबाखूतलं निकोटिन हे व्यसन लावणारं द्रव्य आहे, हेरॉइन-कोकेनसारखंच. आणि तरी १९९४ मध्ये सात मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख अमेरिकन संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगत होते की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. "अहो नुसती सवय आहे" या वाक्याचा फायदा कोणाला होतो ते यावरून लक्षात घ्या.

२. शरीराचं म्हणजे आत नेमकं होतं काय?

मेंदूत असिटिलकोलीन नावाच्या रसायनासाठी रिसेप्टर, म्हणजे ते येऊन बसायच्या जागा असतात, निकोटिन तिथे जाऊन बसतं. सिगारेटचा झुरका घेतला की १० ते २० सेकंदांत ते मेंदूत पोचतं, तिथे डोपामाइन सुटतं आणि बरं वाटतं. हे रोज होत राहिलं की मेंदू त्या रिसेप्टरची संख्याच वाढवतो. आता ते वाढलेले रिसेप्टर रिकामे राहिले की अस्वस्थ वाटायला लागतं, म्हणजे सुरुवातीला माणूस बरं वाटायला ओढतो आणि काही काळाने वाईट वाटू नये म्हणून ओढतो.

निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणून रात्रभरात ते खाली जातं आणि सकाळची पहिली तलफ सगळ्यात कडक असते. एकदम बंद केलं की काही तासांतच चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं, भूक वाढणं, झोप मोडणं, उदास वाटणं हे सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. ही यादी डॉक्टरी पुस्तकात आहे, तुमच्या स्वभावाचा दोष नाही. मेंदूच्या स्कॅनवरून असं दिसलंय की वाढलेले रिसेप्टर न ओढणाऱ्या माणसाइतके व्हायला साधारण दीड ते तीन महिने लागतात.

३. मग मनाची सवय म्हणतात ती कशी तयार होते?

हिशोब करून बघा. दिवसाला १० सिगारेट आणि एका सिगारेटचे १० झुरके धरले तर दिवसाचे १००, वर्षाचे ३६ हजारांवर. म्हणजे एवढ्या वेळा मेंदूला एक छोटं बक्षीस मिळालं, आणि प्रत्येक वेळी आजूबाजूला काहीतरी होतं, टपरीवरचा कटिंग, ठराविक मित्र, बाइक लावल्यावरची दोन मिनिटं, फोनवर बोलताना मारलेल्या फेऱ्या. मेंदू बक्षिसासोबत त्या सगळ्या गोष्टी पण लक्षात ठेवतो. नंतर नुसती ती गोष्ट दिसली तरी तो आधीच तयारीला लागतो, आणि त्या तयारीलाच आपण तलफ म्हणतो.

तंबाखू मळणाऱ्यांमध्ये हे अजून घट्ट असतं कारण त्यात हाताचं काम आहे. पुडी काढायची, चुना घ्यायचा, अंगठ्याने मळायचं, टाळी मारून धूळ उडवायची, समोरच्याला चिमूट द्यायची मग स्वतः बार भरायचा. यात ओळख आहे, गप्पा आहेत, कामातून मिळणारी हक्काची विश्रांती आहे. ऊसतोडीला, बांधकामावर किंवा रात्रीच्या गाडीवर असणाऱ्या माणसाला तर भूक आणि झोप मारायला पण तीच असते, तेव्हा त्याला "सवय आहे सोडून दे" म्हणणं म्हणजे त्याच्या दिवसाची अर्धी रचना काढून घेणं आहे, आणि त्या जागी आपण काय देतोय याचा विचार सांगणाऱ्याने करायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. मनाचं म्हणजे खोटं नव्हे. ही शिकलेली तलफ पण मेंदूतच असते. २००७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागाला इजा झालेल्या काही लोकांची सिगारेट अगदी सहज, परत इच्छाही न होता सुटली होती.

४. निकोटिन ३ दिवसांत शरीरातून जातं म्हणतात, मग मला ३ महिन्यांनी तलफ का येते?

निकोटिन दोन-तीन दिवसांत जातं हे खरं आहे, त्याचं कोटिनिन होतं तेही काही दिवसांत जातं. पण द्रव्य गेलं म्हणजे त्याने मेंदूत केलेला बदल गेला असं नाही, रिसेप्टरला आठवडे लागतात (प्रश्न २) आणि आठवणीला त्याहून जास्त (प्रश्न ३). तिसऱ्या महिन्यातली तलफ ही जवळजवळ नेहमी कशाने तरी उठवलेली असते, म्हणजे जागा, माणूस, वास, भांडण, दारू. ती आली तेव्हा आजूबाजूला काय होतं ते लगेच मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आठ-दहा नोंदी झाल्या की तुमच्या तलफेचा पत्ता तुम्हालाच कळेल.

५. माझ्यात शरीराचं जास्त आहे की मनाचं, हे घरच्या घरी कसं ओळखू?

सगळ्यात चांगला एकच प्रश्न आहे, सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली लागते? स्वीडनच्या कार्ल-ओलोव फागरस्ट्रॉम यांनी ७० च्या दशकात एक प्रश्नावली बनवली, आज वापरतात तिच्यात ६ प्रश्न आणि १० मार्क आहेत. त्यात ५ मिनिटांच्या आत पहिली ओढणाऱ्याला ३ मार्क, अर्ध्या तासाच्या आत २, एका तासाच्या आत १. तंबाखू खाणाऱ्यांसाठी पण याचंच बदललेलं रूप वापरतात.

उठल्या उठल्या तोंड धुवायच्या आधी लागत असेल, आजारी असताना सुद्धा लागत असेल, रात्री झोपेतून उठून घेत असाल तर शरीराचा वाटा मोठा आहे, औषधाची मदत घ्या, नुसत्या जिद्दीवर जाऊ नका. दुपारपर्यंत आठवण नाही पण चार मित्र जमले की सुचत नाही, असं असेल तर जागा आणि संगत यावर जास्त काम लागेल. बहुतेक लोक मधे कुठेतरी असतात.

६. ऑफिसात ९ तास सिगारेट नाही तरी काही होत नाही, गेटबाहेर आलो की राहवत नाही. म्हणजे सगळं मनाचंच ना?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि याच्यावर फार छान अभ्यास झालाय. इस्राएलच्या तेल अवीव विद्यापीठातले रेउवेन दार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेट ओढणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांना फ्लाइटमध्ये ठराविक वेळाने विचारलं की आत्ता किती तलफ आहे. एक फ्लाइट छोटी, ३ ते साडेपाच तासांची, दुसरी लांबची, ८ ते १३ तासांची. तलफ नुसती निकोटिन उतरण्यावर असती तर तासांप्रमाणे वाढत गेली पाहिजे होती. पण दोन्ही फ्लाइटमध्ये ती उतरायची वेळ जवळ आली की चढली, आणि छोट्या फ्लाइटच्या शेवटी जेवढी होती तेवढी लांबच्या फ्लाइटमध्ये तेवढ्याच तासांनंतर नव्हती. त्याच विद्यापीठाच्या अजून एका अभ्यासात कडक धर्म पाळणारे ज्यू लोक होते, शब्बाथच्या दिवशी ओढायला बंदी असते, त्यांना त्या दिवशी तलफ कामाच्या दिवसापेक्षा कमी होती.

म्हणजे "आता मिळणारच नाही" हे मेंदूला पक्कं माहीत असेल तर तो मागत पण नाही. रमजानमध्ये रोजा ठेवणारे दिवसभर राहतात आणि इफ्तारनंतर राहवत नाही, तेही यातलंच.

पण यावरून सगळं मनाचं असं म्हणू नका. नऊ तास तुम्ही शांत होता का, की चारनंतर मेल वाचून चिडायला लागला होता, ते सोबत बसणाऱ्याला विचारा. तलफ जाणवत नसली तरी शरीराची कुरकुर चालू असू शकते. यातून उपयोगाचं काय तर घरात, गाडीत, बॅगेत एकही ठेवू नका, "मिळू शकते" ही शक्यता जितकी कमी तितकी तलफ कमी.

७. घरचे म्हणतात तुझी इच्छाशक्तीच नाही. मन घट्ट केलं की सुटत नाही का?

काहींचं सुटतं. पण कुठलीच मदत न घेता एकदम सोडणाऱ्या १०० लोकांपैकी ३ ते ५ च सहा महिने ते वर्षभर टिकतात, बाकीचे सगळे काय मनाने दुबळे आहेत? माझं घरच्यांना कळकळीचं सांगणं आहे की ही टोचणी बंद करा. अपराधी वाटलं की माणसाला पुन्हा तलफ येते आणि मग तो लपून खातो, लपून खाणारा मदत मागत नाही.

मदत म्हणजे काय तर औषध (प्रश्न १५) आणि कोणीतरी बोलायला. तंबाखूच्या पुडीवर आणि सिगारेटच्या पाकिटावर जो १८००-११-२३५६ नंबर छापलेला असतो तो सरकारी आहे, फुकट आहे, तिथे समुपदेशक बोलतात. जिल्हा रुग्णालयात पण तंबाखूमुक्ती केंद्र असतं, तिथे विचारा.

८. माझ्या मित्राने एका दिवसात सोडली, परत बघितलं नाही. मला ५ वेळा जमलं नाही, असं का?

कारण शरीरं सारखी नसतात. यकृतात निकोटिन मोडणारं एक एन्झाइम असतं, ते काहींच्यात वेगाने चालतं काहींच्यात हळू, आणि हे बरंचसं जन्मतःच ठरलेलं असतं. ज्यांचं वेगाने चालतं त्यांचं निकोटिन लवकर उतरतं, ते जास्त ओढतात आणि त्यांना सोडणं पण अवघड जातं. त्यात कोणत्या वयात सुरू केलं, घरात अजून कोण खातं, कामाच्या ठिकाणी काय आहे हे सगळं येतं. मित्राला काय जमलं ते सोडा, आधीच्या प्रत्येक वेळी तुम्ही कितव्या दिवशी आणि कशामुळे परत सुरू केलं ते आठवा. पहिल्या आठवड्यात पडत असाल तर औषध कमी पडतंय, महिन्यानंतर पडत असाल तर प्रश्न ३ आणि ४ कडे जास्त बघा.

९. आम्ही फक्त चुना-तंबाखू खातो, सिगारेट नाही. याचं व्यसन कमी असतं ना?

नाही. महाराष्ट्रात तर हाच मोठा प्रश्न आहे, २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इथले साधारण २४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते आणि धूर ओढणारे ४ टक्क्यांच्या आत होते.

चुना का लावतात याचा कधी विचार केलाय? चुना क्षारीय असतो, त्याने तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या कातडीतून पटकन रक्तात जातं. चुन्याशिवाय खाल्ली तर "लागत नाही" म्हणतात ते यामुळेच. सिगारेटइतक्या झटक्यात ते मेंदूत पोचत नाही पण बार अर्धा-पाऊण तास गालात धरला की तितका वेळ ते झिरपत राहतं आणि रक्तात जास्त वेळ टिकतं. रात्री बार भरून झोपणारे लोक आहेत, त्यांच्या शरीराला तर रात्रीची सुट्टी पण मिळत नाही.

१०. आई फक्त मिश्रीने दात घासते, दिवसातून चार-पाच वेळा. हे व्यसन धरायचं का? ती मानतच नाही

दात घासायला चार-पाच वेळा लागत नाही ना, मग उत्तर त्यातच आहे. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच, हिरड्यांवर घासली की निकोटिन रक्तात जातं. एक दिवस नाही लावली तर डोकं धरतं, चिडचिड होते, जांभया येतात, हे शरीराचं लक्षण आहे. सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरी भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार.

आईशी भांडू नका. तिच्यासाठी ती सकाळची चूल पेटवायच्या आधीची स्वतःची दहा मिनिटं आहेत, कदाचित दिवसातली तेवढीच. ती वेळ तशीच ठेवा, हातात दुसरं काहीतरी द्या, साधं तंबाखू नसलेलं दंतमंजन चालेल. आधी दुपारच्या वेळा कमी करायला सांगा, सकाळची शेवटी. घरात कोणी गरोदर असेल आणि ती पण मिश्री लावत असेल तर मात्र थांबू नका, बाळाचं वजन कमी भरतं, दिवस भरायच्या आधी बाळंत व्हायचा धोका असतो, लगेच डॉक्टरशी बोला.

११. खर्र्यातली तंबाखू बंद केली, आता नुसती सुपारी खातो, चालेल ना?

चालणार नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोली-नागपूरकडून हा प्रश्न सारखा येतो. सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं, तिचं स्वतःचं वेगळं व्यसन लागतं, म्हणून खर्रा खाणारा एका वेळी दोन व्यसनांशी लढत असतो. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय, आणि तोंड उघडायचं कमी होतं तो आजार मुख्यतः सुपारीचाच. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर आधी दातांच्या डॉक्टरकडे जा, बाकी सगळं नंतर.

चघळायची सवय भागवायला बडीशेप, लवंग, ओवा, आवळा घ्या. पानठेल्यावर उभं राहून "मला बिनतंबाखूचा घोटून दे" हा मार्ग घेऊ नका, ती जागाच तलफ उठवते.

१२. तंबाखू खाल्ल्याशिवाय सकाळी पोटच साफ होत नाही, हे पण मनाचं का?

हे शरीराचं आहे, लाजू नका, सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असेल. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं. वर्षानुवर्षं आतड्याला ते मिळालं की बंद केल्यावर काही दिवस, काहींना काही आठवडे बद्धकोष्ठता होते. त्यात मनाचा वाटा पण आहे कारण तंबाखू मग संडास हा क्रम पक्का बसलेला असतो. उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात भाजी आणि फळ, थोडं चालणं, आणि ठरलेल्या वेळी जाऊन बसणं, घाई करायची नाही. गरज पडली तर इसबगोल. हे आधीच करून ठेवा, तंबाखू सोडायच्या चार दिवस आधीपासून, कारण या एका कारणाने परत सुरू करणारे खूप आहेत.

१३. टेन्शन आलं की सिगारेटने खरंच शांत वाटतं, मग ते खोटं कसं?

वाटतं ते खरं आहे, कारण वेगळं आहे. शेवटची ओढून दोन-तीन तास झाले की निकोटिन उतरायला लागतं आणि त्याचीच बेचैनी सुरू होते, त्यात बॉसचा फोन येतो. सिगारेट ओढली की बेचैनी जाते आणि श्रेय मिळतं टेन्शन गेल्याचं, बॉसचा प्रश्न तसाच असतो. सोडलेल्या लोकांची काही महिन्यांनी तपासणी केली तर चिंता आणि उदासी आधीपेक्षा कमी झालेली दिसते, वाढलेली नाही, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. अजून एक म्हणजे सिगारेट ओढताना माणूस बाहेर जातो, पाच मिनिटं थांबतो, खोल श्वास घेतो. तेवढं तसंच चालू ठेवा, सिगारेटशिवाय.

१४. सिगारेट सोडली तेव्हापासून छातीत धडधड, झोप नाही, हात थरथरतात. निकोटिन नाही म्हणूनच ना हे?

असेलही, पण आधी चहा-कॉफी मोजा. सिगारेटच्या धुरातली काही द्रव्यं यकृताला कॅफिन वेगाने मोडायला लावतात. धूर बंद झाला की काही दिवसांत तो वेग खाली येतो आणि तेवढ्याच कॉफीत रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं. लोक सिगारेटऐवजी अजून दोन चहा घेतात, धडधड वाढते, वाटतं मला सोडवत नाही आणि परत ओढतात. चहा-कॉफी निम्मी करा, संध्याकाळनंतर नको.

हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही, म्हणून तंबाखू किंवा मिश्री सोडणाऱ्यांना हे लागू नाही. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर चहा मोजत बसू नका, सरळ दवाखान्यात जा.

१५. निकोटिनचा गम म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं लावून घेणं नाही का?

गममधलं निकोटिन हळू चढतं आणि कमी चढतं, त्यात धूर नाही, डांबर नाही, तंबाखू नाही. शरीराचा भाग त्याने शांत राहतो आणि तेवढ्या काळात तुम्ही मनाच्या भागाचं काम करायचं, मग गम पण हळूहळू कमी करत साधारण ३ महिन्यांत बंद. गम, पॅच अशा गोष्टींनी टिकून राहण्याची शक्यता साधारण दीडपटीने वाढते.

गम चुकीचा खाल्ला जातो म्हणून फेल होतो. तो च्युइंगमसारखा सतत चावायचा नाही. हळूहळू चावा, तिखट-झिणझिण लागलं की थांबा, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्या, चव गेली की परत थोडा चावा, असं अर्धा तास. तंबाखू धरणाऱ्यांना हे लगेच जमतं. लाळ सारखी गिळली तर उचकी आणि पोटात जळजळ होते. खायच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी काही नको. २ मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, उठल्यावर अर्ध्या तासात लागणाऱ्यांना ४ चा लागतो, तो डॉक्टरला विचारून. तोंड उघडत नसेल तर गमऐवजी पॅच. गरोदर बाई किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस असेल तर डॉक्टरशिवाय काहीच सुरू करू नका.

व्हरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या पण आहेत, चिठ्ठीवरच्या. व्हरेनिक्लीन त्याच रिसेप्टरवर अर्धवट काम करतं, त्यामुळे तलफ कमी होते आणि वर ओढली तरी नेहमीसारखी मजा येत नाही.

१६. पॅच लावलाय तरी चहा घेताना तलफ येतेच. औषध काम करत नाही का?

करतंय. पॅच शरीराला दिवसभर थोडं थोडं निकोटिन देतो, पण चहाच्या टपरीची आठवण त्याला पुसता येत नाही. उलट बाजूने पण हे तपासलंय, निकोटिन काढून टाकलेल्या सिगारेटी ओढायला दिल्या तरी थोड्या वेळासाठी तलफ कमी झाली, म्हणजे हात-तोंड-धूर याचा वाटा खरा आहे.

अशी उठलेली तलफ साधारण पाचेक मिनिटांत उतरायला लागते. पहिले दोन-तीन आठवडे चहाची जागा, वेळ आणि कप बदला, घरी घ्या, मित्राला टपरीऐवजी जिन्यात भेटा. मग मात्र हळूहळू त्याच टपरीवर जा, चहा घ्या, ओढू नका, परत या. दर वेळी बक्षिसाशिवाय परत आलात की मेंदू तो संबंध सैल करतो. कायमचं टाळत राहिलात तर संबंध आत तसाच राहतो.

१७. हळूहळू कमी करू की एकदम बंद?

जमत असेल तर तारीख ठरवून एकदम. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे ७०० लोकांवर अभ्यास झाला, औषध आणि समुपदेशन दोन्ही गटांना होतं, चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकले होते आणि दोन आठवडे कमी करत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. कमी करताना अडचण अशी होते की उरलेली प्रत्येक पुडी जास्त गोड लागते. पण एकदम म्हटल्यावर जो माणूस सुरुवातच करत नाही, त्याने कमी करत जावं, फक्त शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून. मिश्रीवाल्या आयांना मी कमी करतच सांगतो (प्रश्न १०).

१८. मी फक्त दारू घेताना ओढतो, महिन्यातून दोनदा. हे व्यसन आहे का?

शरीराचं बहुतेक नाही, न ओढता आठवडा गेला तर तुम्हाला काही होत नाही. पण ग्लास हातात आला की नाही म्हणता येत नसेल तर शिकलेली तलफ आहे. दोन महिने ग्लास हातात असताना सिगारेट न घेता राहून बघा, जमलं नाही तर उत्तर मिळालं. कॉलेजातल्या मुलांना वेगळं सांगतो, कोवळ्या वयात हे "कधीतरी"चं रोजचं व्हायला वेळ लागत नाही.

१९. सिगारेट सोडायला व्हेप घेऊ का?

भारतात ई-सिगारेटची विक्री, आयात, साठा यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, जे मिळतं ते चोरून आलेलं आणि आत किती निकोटिन आहे ते कोणाला माहीत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरला विचारावं, ब्रिटनमध्ये सोडायला मदत म्हणून देतात. एवढं लक्षात ठेवा की व्हेपमध्ये हात-तोंड-धूर सगळं तसंच राहतं, म्हणून मनाचा भाग शिल्लक राहतो.

२०. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत, सिगारेट सोडली तर आजार वाढेल का?

सोडा, पण डॉक्टरला आधी सांगून. कारण प्रश्न १४ मधलंच आहे, धूर यकृताला काही औषधंही वेगाने मोडायला लावतो, क्लोझापिन आणि ओलान्झापिन त्यात येतात. सिगारेट बंद झाली की तोच डोस रक्तात जास्त होतो, सुस्ती येते, क्लोझापिनचं तर धोकादायक होऊ शकतं, म्हणून डोस बदलावा लागतो. दम्यासाठी थिओफायलीन घेणाऱ्यांनाही हेच. व्हरेनिक्लीनने (प्रश्न १५) मन बिघडतं अशी भीती होती, २०१६ च्या ८ हजारांवर लोकांच्या मोठ्या चाचणीत पॅच किंवा औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा त्याने तसा त्रास लक्षणीय वाढलेला दिसला नाही, मानसिक आजार असलेल्यांमध्येही नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरचाच.

२१. दोन वर्षं झाली सोडून. परवा गावी जत्रेत एक चिमूट घेतली, आता रोज आठवतेय. सगळं पाण्यात गेलं का?

नाही गेलं. एका चिमटीने शरीराची ओढ दोन वर्षांपूर्वीसारखी उभी राहत नाही, पण जुनी वाट मेंदूला आठवली आहे आणि म्हणून पुढचे काही दिवस जपायचे आहेत. धोका त्या चिमटीत कमी आणि "घेतलीच आहे तर आता काय" या विचारात जास्त असतो, दुसरी-तिसरी चिमूट त्यातून येते. आजच जवळ उरली असेल ती पुडी फेका, ज्याने दिली त्याला फोन करून सांगा की परत देऊ नको, घरात एका माणसाला सांगून ठेवा. आठवडाभर सकाळी उठल्यावर लागतेय का ते बघा (प्रश्न ५). लागत नसेल तर औषधाची गरज नाही, आठवण येईल आणि ओसरेल. लागायला लागली असेल तर वाट बघू नका, पहिल्या वेळी जे औषध उपयोगी पडलं होतं तेच परत डॉक्टरला विचारून सुरू करा, आणि पुढच्या वर्षी जत्रेला जाताना खिशात लवंग-बडीशेपेची डबी आणि सोबत न खाणारा एक माणूस ठेवा.